खिशातले मूठभर दाणे

रोज सकाळी माझ्या कुत्रीचं, गोटीचं, कोरडं खाणं वाटीत काढताना त्यातले मूठभर दाणे मी खिशात टाकते. रात्री झोपेपर्यंत तो खिसा रिकामा व्हायला हवा, एवढाच माझा नियम. दारावरची घंटा वाजली आणि भुंकायच्या आधी क्षणभर तिने माझ्याकडे पाहिलं, की एक दाणा. आम्ही जेवायला बसलो आणि ती आपणहून चटईवर जाऊन पसरली, की एक. खिडकीबाहेर मांजर दिसलं आणि तरी तिने मान वळवली, तर दोन. सुरुवातीला रात्री खिसा अर्धा भरलेलाच असायचा. गोटी काही चांगलं करत नव्हती म्हणून नव्हे. ती करत होती, मला दिसत नव्हतं.

कुत्र्याला शिकवण्यातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे. चप्पल चावली, गादीवर शू केली, पाहुण्यांच्या अंगावर उडी मारली, हे आपल्याला लगेच दिसतं आणि तोंडातून "ए, नाही!" निघून जातं. तासभर शांत पडलेला कुत्रा मात्र घरात कुणालाच दिसत नाही. हळूहळू त्यालाही कळतं की गप्प पडून राहिल्यावर कुणी विचारत नाही, चप्पल पळवली की अख्खं घर मागे धावतं. मग तो चप्पल पळवतो. माणसाचं लक्ष त्याला हवंच असतं आणि ते कशाने मिळतं याचा हिशेब तो रोज मांडत असतो.

मी सोळा वर्षं कुत्र्यांसोबत राहतेय. पाच कुत्री झाली. पहिल्याला, शेरूला, मी चुकीच्या पद्धतीने शिकवलं आणि त्याची किंमत त्याने मोजली. ते पुढे सांगते. बाकी जे लिहितेय ते त्याच्यानंतर आलेल्या चौघांसोबत करून पाहिलेलं आहे.

"छान" कधी म्हणायचं

१८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या मांजरांना पेटीत ठेवून पाहिलं. आत एक दोरीचा फास किंवा खिटी असायची. ती ओढली गेली की दार उघडायचं आणि बाहेर खाणं असायचं. मांजर आधी ओरबाडायचं, फटीतून पंजे काढायचं, धडपडता धडपडता कधीतरी चुकून फास ओढला जायचा. पुन्हा पेटीत घातलं की थोडं लवकर सुटायचं, मग आणखी लवकर. त्याला कुणी समजावलं नव्हतं, कुणी मारलं नव्हतं. ज्या हालचालीनंतर दार उघडलं ती टिकली, बाकीच्या गळून पडल्या. पुढची सव्वाशे वर्षं प्राण्यांना शिकवण्याचं शास्त्र याच पायावर उभं आहे.

आपली अडचण एवढीच, की कुत्र्याला कुठल्या हालचालीबद्दल खाऊ मिळाला हे कळायला हवं. तो बसतो, आपण डबा उघडतो, तोवर तो उठून आपल्या हाताकडे झेपावतो आणि तेव्हा खाऊ तोंडात पडतो. आपल्या मते आपण बसल्याचं बक्षीस दिलं. त्याच्या मते झेपावल्याचं. म्हणून मधे एक खूण लागते, जी सांगते: हे, आत्ता केलंस ते. १९४० च्या दशकात केलर आणि मरियन ब्रेलंड या जोडप्याने त्यासाठी टक् वाजणारं छोटं खेळणं वापरायला सुरुवात केली. तोच आजचा क्लिकर. क्लिकर उत्तम चालतो, पण एका हातात लीश, म्हणजे फिरवायची दोरी, दुसऱ्यात खाऊ, तिसरा हात मला नाही. मी "छान" हा शब्द वापरते. कुठलाही आखूड शब्द चालेल, फक्त तो दिवसभरात इतर कारणांनी तोंडात येणारा नको आणि घरात सगळ्यांनी तोच वापरायचा.

पहिले दोन दिवस त्या शब्दाला अर्थ द्यायचा. कुत्रा समोर असताना काहीही करायला न सांगता "छान" म्हणायचं आणि लगेच खाऊ द्यायचा. पंधरा-वीस वेळा, दिवसातून दोनदा. तो दुसरीकडे बघत असताना "छान" ऐकून त्याची मान गर्रकन वळली, की अर्थ बसला. त्यानंतर हा शब्द म्हणजे वचन. चुकून म्हटला गेला तरी खाऊ द्यायचाच.

वेळ साधायला सरावाची गरज आपल्याला असते, कुत्र्याला नाही. घरातल्या कुणाला तरी चेंडू टाकायला सांगा आणि तो जमिनीला टेकला त्याच क्षणी "छान" म्हणा. पहिल्या दहा वेळांत आठदा तुम्ही उशिरा म्हणाल. कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवूनच हे करा. मला जमायला चार संध्याकाळी लागल्या आणि त्यानंतर आमचा दुसरा कुत्रा मोत्या एकदम हुशार झाल्यासारखा वाटायला लागला.

खाऊबद्दल थोडं

तुकडा वाटाण्याएवढा, मोठ्या कुत्र्यालासुद्धा. त्याला किती वेळा मिळालं हे मोजता येतं, किती मोठं मिळालं याचं त्याला फारसं नसतं. मऊ असेल तर चावत बसण्यात वेळ जात नाही. घरात रोजचे दाणे पुरतात, बाहेर जिथे वास आणि आवाज असतात तिथे उकडलेलं चिकन किंवा चीज लागतं. वरचा खाऊ दिवसभराच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नका, म्हणूनच मी रोजच्या वाटीतलेच दाणे काढते. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही कुत्र्याला विषारी आहे. पीनट बटर देणार असाल तर डब्यावर झायलिटॉल आहे का ते आधी वाचा.

"खाऊ दिला तरच ऐकतो" अशी तक्रार मी खूपदा ऐकते. बहुतेक घरांत चूक एकच असते: खाऊ आधी दाखवला जातो. लाच आधी दाखवतात, पगार काम झाल्यावर मिळतो. खाऊ खिशात किंवा पाठीमागच्या फळीवर ठेवा, हात रिकामे ठेवा, "छान" म्हणून झाल्यावरच हात खिशाकडे जाऊ द्या. एखादी गोष्ट पक्की झाली की मग दर वेळी दाणा नको. कधी दाणा, कधी मान खाजवणं, कधी दार उघडून बाहेर सोडणं. दार उघडणं हे गोटीच्या लेखी चिकनपेक्षा कमी नाही. पण पगार अचानक बंद करू नका. आपणही त्या नोकरीवर फार दिवस जाणार नाही.

बस, आणि शब्द शेवटी का

बसायला शिकवणं सोपं आहे. खाऊ नाकासमोर धरून हात सावकाश डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर गेलं की बूड खाली येतं. टेकलं की "छान". फक्त पहिल्या चार-पाच वेळा खाऊ हातात धरून, मग त्याच हालचालीत रिकामा हात, आणि खाऊ दुसऱ्या हातातून. इथवर एकही शब्द बोलायचा नाही. तो हाताकडे बघून दहापैकी नऊ वेळा बसायला लागला, की हात हलवायच्या क्षणभर आधी "बस" म्हणायचं. ज्या गोष्टीचा अर्थच अजून ठरलेला नाही तिचं नाव घेऊन "बस, बस, अरे बस ना" केलं, तर त्याच्यासाठी तो नुसता घरातला आवाज होतो. मग तिसऱ्या "बस"ला बसतो, कारण तो शब्द त्याने "बस-बस-बस" असाच ऐकलेला असतो.

घरात बसणारा कुत्रा रस्त्यावर बसत नाही, यात हट्टीपणा नाही. स्वयंपाकघरात, तुम्ही उभे असताना, समोर कुणी नसताना बसणं ही एक गोष्ट. बागेत, दुसरा कुत्रा वीस पावलांवर असताना बसणं ही त्याच्यासाठी वेगळीच. जागा बदलली की पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरू करा, दुसऱ्यांदा वेळ कमी लागतो. आणि एका वेळी एकच गोष्ट अवघड करा. जास्त वेळ बसवायचं असेल तर जवळ उभे राहा. लांब जायचं असेल तर वेळ कमी करा. सलग दोनदा चुकला तर मागणी जड झाली, हलकी करा.

एकेक सराव तीन मिनिटांचा पुरे. त्याला आणखी हवं असतानाच थांबायचं.

गोटी आणि हार्नेस

गोटी नऊ महिन्यांची असताना आमच्याकडे आली. काळी, छातीवर पांढरा ठिपका, कान एक उभा एक पडका. आधीच्या घरात तिचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही, पण हात डोक्यावर गेला की ती जमिनीला चिकटायची. कान मागे, शेपूट पोटाखाली, ओठ चाटत राहायची, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसायचं. पहिल्या दिवशी मी हार्नेस, म्हणजे छाती-खांद्यांभोवती बांधायचा पट्टा, घेऊन पुढे गेले तेव्हा ती कपाटाच्या खाली सरकली आणि दोन तास बाहेर आली नाही.

त्या संध्याकाळी मी हार्नेस जमिनीवर ठेवून दिला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसले. तिने हार्नेसकडे बघितलं की "छान" आणि चिकनचा तुकडा हार्नेसपासून लांब, तिच्याकडे टाकायचा. लांब अशासाठी, की खाऊसाठी तिला भीतीच्या जवळ यावं लागू नये. दुसऱ्या दिवशी ती तीन पावलं जवळ येऊन बघायला लागली. चौथ्या दिवशी नाकाने हुंगलं. सहाव्या दिवशी मी तो हातात धरला आणि पुन्हा सुरुवातीपासून सगळं केलं, कारण जमिनीवरचा हार्नेस आणि हातातला हार्नेस या तिच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू होत्या.

नवव्या दिवशी मी गळ्याचा भाग कड्यासारखा धरला होता, तिच्या तोंडाच्या उंचीवर. तिने नाक आत घातलं आणि मागे घेतलं. "छान." पुन्हा नाक, या वेळी डोळ्यांपर्यंत. "छान." मग ती थांबली, माझ्या हाताकडे बघत. अशा वेळी आपला हात आपोआप पुढे जातो, चार बोटं सरकवली की डोकं आत. मी हात हलवला नाही. खांदा भरून आला होता, घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. तिने एकदा अंग झटकलं, जांभई दिली, बाजूला जाऊन पाणी प्यायली, परत आली आणि एकदम डोकं पार खांद्यापर्यंत आत घालून उभी राहिली. शेपूट अजून खालीच होतं, पण टोक हलत होतं. मी बंद लावले नाहीत. चिकन दिलं, हार्नेस काढला आणि त्या दिवसाचं संपवलं. बंद अकराव्या दिवशी लागले.

अकरा दिवस फार वाटतील. धरून घातला असता तर पाच मिनिटांत झालं असतं, आणि मग रोज पाच मिनिटं झटापट, वर्षानुवर्षं. आता मी कडं धरते आणि ती धावत येऊन डोकं घालते.

यातली युक्ती कुठल्याही भीतीला लागू पडते: केस विंचरणं, औषध घालणं, गाडी, व्हॅक्यूम क्लीनर. भीतीची गोष्ट आधी दिसायला हवी आणि खाऊ त्यानंतर लगेच, म्हणजे ती गोष्ट खाऊची वर्दी देते. उलट क्रमाने केलं तर खाऊच भीतीची वर्दी देईल. कुत्र्याला निघून जायची मोकळीक हवी. आणि तो खाऊ घेत नसेल, एरवी आवडीचा असूनही, तर तुम्ही फार जवळ आहात. लांब जा. भ्यायलेल्या अवस्थेत शिकणं होत नाही, फक्त सोसणं होतं. बाहेरून दोन्ही सारखं दिसू शकतं, म्हणून ओठ चाटणं, नको तिथे जांभई, ताठरलेलं अंग, वळवलेली मान, हे बारकाईने बघायला शिका. ही त्याची भाषा आहे आणि तो ती आपल्याशीच बोलत असतो.

हाक मारल्यावर येणं

एकच गोष्ट शिकवायला वेळ असेल तर ही शिकवा. रस्त्याच्या कडेला याच्यावर जीव अवलंबून असतो.

मोत्याला मी "ये" म्हणायचे. अंघोळीला "ये", नखं कापायला "ये", बागेत खेळ रंगात आला की "ये, चला घरी". दोन वर्षांनी तो शब्द ऐकला की तो विरुद्ध दिशेला जायचा. मी त्याला हट्टी म्हणायचे. त्याने तो शब्द अगदी बरोबर शिकला होता: "ये" म्हणजे मजा संपली. अशा वेळी जुना शब्द दुरुस्त करण्यात वर्ष घालवू नका, सरळ नवा घ्या. मी "भुर्र" घेतला. लहान मुलांना फिरायला नेताना म्हणतात तो. रोजच्या बोलण्यात येत नाही, आणि तो म्हणताना आवाज आपोआप आनंदी होतो, रागावून "भुर्र" म्हणताच येत नाही.

सुरुवात घरात. दोन माणसं दोन खोल्यांत, आळीपाळीने एकदाच हाक मारायची, आला की एक नव्हे, पाच-सहा तुकडे एकामागून एक. मोत्याच्या वेळी चिकन मी फक्त याच कामाला राखून ठेवलं होतं, दुसऱ्या कशालाच नाही. दोन आठवड्यांनी बाहेर, दहा मीटरच्या लांब दोरीवर. ही दोरी हार्नेसलाच बांधायची, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही, कारण वेगात पळताना दोरी संपली की मानेला जबर हिसका बसतो. आला की खाऊ द्यायचा, हार्नेसला हलकेच हात लावायचा आणि लगेच "जा, खेळ" म्हणून पुन्हा सोडायचं. दहा हाकांपैकी नऊ अशाच. घरी जायची वेळ झाली की हाक मारू नका, आपणच चालत जवळ जा.

येणार नाही अशी खात्री असेल तेव्हा हाक मारूच नका. खारीमागे पळत सुटलेल्या कुत्र्याला सात वेळा हाक मारून आपण त्याला हाक न ऐकण्याचाच सराव देतो. आणि अर्ध्या तासाने आला तरी, तुमचा जीव टांगणीला लागलेला असला तरी, आल्यावर ओरडायचं नाही. त्याने शेवटी केलेली गोष्ट "येणं" ही आहे.

शेरू

शेरू दोन वर्षांचा असताना खाण्याच्या वाटीवर गुरगुरायला लागला. मी एका प्रशिक्षकाला बोलावलं. त्याने गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, घातली, सांगितलं की हा कळपाचा म्होरक्या व्हायला बघतोय, तुम्ही म्होरक्या आहात हे दाखवा. गुरगुरला की हिसका. मी ते केलं. तीन आठवड्यांत गुरगुरणं बंद झालं आणि मला वाटलं, झालं.

महिनाभराने माझी सहा वर्षांची भाची त्याच्या वाटीजवळून गेली. त्याने आवाज केला नाही, दात दाखवले नाहीत, मान वर उचलली आणि तिचा हात धरला. तीन टाके पडले. पशुवैद्य सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "तुम्ही त्याची शिट्टी काढून घेतलीत, वाफ आतच राहिली." शेरूने गुरगुरणं सोडलं होतं. वाटी कुणीतरी हिसकावेल ही भीती सोडली नव्हती, उलट आता वाटीजवळ माणूस आला की मान आवळली जाते याची त्यात भर पडली होती. त्यानंतर तो आठ वर्षं जगला. त्या आठ वर्षांत मुलं घरी आली की तो बंद दाराआड असायचा. तो दोष त्याचा नव्हता.

म्होरक्याची ती कल्पना कुठून आली तेही पुढे कळलं. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण लिहिलं, त्यात ते वर्चस्वासाठी भांडताना दिसले. रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या डेव्हिड मीच (Mech) यांनी १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे पिल्लांना लढून जागा मिळवावी लागत नाही. आणि कुत्रा तर लांडगाही नाही.

हिसक्याने एक गोष्ट आणखी होते. लीशवर चालताना समोर दुसरा कुत्रा दिसला, आपला भुंकला, आपण चेन ओढली. त्या क्षणी तो समोरच्या कुत्र्याकडे बघत असतो. गळा दुखला तो कुत्रा दिसल्यावर, असंच त्याच्या डोक्यात बसतं. दुसऱ्या दिवशी तो आणखी लांबूनच भुंकतो. वेल्सने २०१० मध्ये विजेच्या धक्क्याचे पट्टे बंद केले, आणि अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनाच्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ च्या आपल्या निवेदनात सगळ्याच कुत्र्यांसाठी, आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा, बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच सुचवल्या आहेत.

वाटीवर गुरगुरणाऱ्या कुत्र्यासाठी आज मी असं करीन. तो खात असताना, ज्या अंतरावरून त्याचं खाणं जराही थांबत नाही, तेवढ्या लांबून चालत जायचं, जाता जाता वाटीच्या दिशेने चिकनचा तुकडा टाकायचा आणि न थांबता पुढे जायचं. दिवसाला चार-पाच वेळा. मी येतेय असं दिसल्यावर त्याने मान वर करून शेपूट हलवलं, की पुढच्या दिवशी अर्धं पाऊल जवळ. अंग ताठलं, भराभर गिळायला लागला, तर मागे सरकायचं. वाटी उचलून घेऊन "सवय" लावायची नाही. घरात लहान मूल असेल किंवा एकदाही चावा बसला असेल तर हे एकट्याने करू नका, वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याला सोबत घ्या, आणि तोवर कुत्र्याला बंद दाराआड निवांत खाऊ द्या. गुरगुरला तर आधी लांब व्हा, मग कशामुळे ते शोधा. गुरगुरणाऱ्या कुत्र्याचे आभारच मानायला हवेत, त्याने सांगितलं तरी.

वागणं अचानक बदललं तर मात्र शिकवण्याच्या आधी तपासणी. आमचा बाळ्या अकरा वर्षांचा असताना "बस" ऐकेनासा झाला. उभाच राहायचा, तोंड फिरवायचा. त्याचे खुब्याचे सांधे झिजले होते आणि बसताना दुखत होतं.

उड्या आणि घंटा

पाहुण्यांवर उडी मारणाऱ्या कुत्र्याकडे दुर्लक्ष करा असं सगळे सांगतात. बरोबर आहे, पण अर्धंच. आतापर्यंत उडीला लक्ष मिळायचं, ते बंद झालं की तो आधी जास्त जोरात उड्या मारतो. विझताना दिवा मोठा होतो तसं. बहुतेकजण नेमके तेव्हा हरतात, चौथ्या दिवशी "बरं बाबा" म्हणून त्याला कुरवाळतात, आणि तो शिकतो की थोडं जास्त जोरात मारायला हवी होती. म्हणून नुसतं दुर्लक्ष नको, दुसरं काहीतरी करायला द्या. चारही पाय जमिनीवर आहेत तेवढ्या एका सेकंदात "छान" आणि खाऊ खाली, जमिनीवर. खाऊ खाली पडतो म्हटल्यावर नाकही खालीच राहतं. पाहुण्यांच्या हातात दारातच चार दाणे द्या.

घंटेसाठी मी आमच्याच घंटेचा आवाज फोनवर घेतला आणि अगदी हळू वाजवला, इतका की गोटीचा फक्त उभा कान हलला. आवाज, मग चटईवर खाऊ. रोज दहा वेळा. आवाज वाढवत खऱ्या घंटेपर्यंत यायला पाच आठवडे गेले. आता घंटा वाजली की ती एकदा भुंकते आणि चटईकडे पळते. ते एक भुंकणं मी राहू दिलंय, ते तिचं कामच आहे.

पिल्लू असेल तर

तीन ते साधारण बारा-चौदा आठवडे हा काळ परत येत नाही. या दिवसांत जे शांतपणे पाहिलं, ऐकलं, हुंगलं, त्याची भीती पुढे कमी वाटते. छत्र्या, काठी घेतलेली माणसं, सायकली, रडणारी मुलं, मिक्सर. दुरून दाखवा, खाऊ द्या, कुणाच्या हातात कोंबू नका. लसी पूर्ण व्हायच्या असतील तर कडेवर घेऊन फिरता येतं, कुठे नेणं सुरक्षित ते पशुवैद्याला विचारा.

चावण्याने घाबरू नका. दुधाचे अठ्ठावीस दात पडून बेचाळीस पक्के येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत, हिरड्या शिवशिवतात. हाताला दात लागला की खेळ थांबवून अर्धं मिनिट उठून जा, परत येताना चावायची वस्तू घेऊन या. फार चेकाळलेलं पिल्लू बहुधा झोपेला आलेलं असतं.

शी-शूचं सारं वेळापत्रकात आहे. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर बाहेर, आणि तिथेच, होताक्षणी, खाऊ. आत येऊन नाही. वयाचे जितके महिने तितके तास, फार तर आणखी एक, एवढंच त्याला धरून ठेवता येतं. आत झालं तर बोलू नका, एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. अमोनिया असलेलं नको, त्याचा वास त्यांना शूसारखाच लागतो. आणि थंड झालेल्या शूपाशी नाक नेऊन रागावल्याने पिल्लू एकच शिकतं: माणसासमोर करायची नाही. मग ते सोफ्यामागे करायला लागतं.

सध्या नखं

गोटीचं आणि माझं आता नखांचं काम चालू आहे. ती कुशीवर पडते, हनुवटी घडी घातलेल्या टॉवेलवर टेकते. हनुवटी टॉवेलवर आहे तोवर मी पुढे जाते, उचलली की कटर खाली ठेवते. हे तिला कळायला आठवडा लागला, आणि कळल्यावर तिने पहिल्या दिवशी बारा वेळा हनुवटी उचलून पाहिली, मी खरंच थांबते का ते. मी बाराही वेळा थांबले. पुढचे दोन्ही पाय होतात. मागचा डावा होतो. मागच्या उजव्याला पंजा धरलेला चालतो, कटर लागलेला चालतो, कट् आवाज आला की हनुवटी वर. म्हणून सध्या मी कडक शेवयांच्या काड्या तिच्या पंजाशेजारी कापते, आवाज तोच, नख नाही. आज नऊ काड्या झाल्या, हनुवटी एकदाच उचलली. खिशात दोन दाणे उरलेत. ती चटईवर आडवी आहे, डोळे मिटलेले, मी लिहिताना गेला पाऊण तास एकदाही उठलेली नाही. तिला ते दाणे देऊन येते.